मोठ्या शिकारीची काडतुसे : जुनी आणि नवी

रायफल म्हटली की सामान्य माणसाची नजर तिच्या नळीकडे आणि अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्याकडे जाते. जाणकार मात्र आधी विचारतो, 'काडतूस कोणते?' रायफलीचे वजन, लांबी, खांद्याला बसणारा धक्का आणि गोळीची ताकद या साऱ्या गोष्टी काडतुसावरून ठरतात. हत्ती, रानरेडा, गवा अशा महाकाय प्राण्यांसाठी बनविलेल्या काडतुसांना सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. गेल्या काही दशकांत त्यात नव्या काडतुसांची मोठी भर पडली. ही नवी काडतुसे जुन्यांपेक्षा खरोखर सरस आहेत काय, हा शिकारीच्या जगातील जुनाच वाद होय.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे युग संपले. मात्र आफ्रिकेतील अनेक देशांत, तसेच अमेरिका व युरोपात परवान्याने शिकार चालते आणि तेथे हा वाद केवळ पुस्तकी नाही. जखमी रानरेडा दाट झुडपात शिरला, की त्याचा माग काढणे भाग असते. माग काढणारा वाटाड्या बहुधा निःशस्त्र असतो आणि तोच सर्वांत पुढे चालतो. अशा वेळी काडतूस दगा देते की नाही, यावर एका माणसाचा जीव आणि एका जनावराच्या यातना अवलंबून असतात.

काडतुसाची घडण

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आतील दारू आणि तोंडाशी बसविलेली गोळी. नावातील आकडा बहुधा गोळीचा व्यास इंचात सांगतो; .३७५ म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी ३७५. गोळीचे वजन 'ग्रेन'मध्ये मोजतात. साधारण साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम होतो. वेग फूट प्रतिसेकंदात आणि ऊर्जा फूट-पाउंडात सांगण्याचा प्रघात आहे.

कॉर्डाइटचा जमाना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूची जागा कॉर्डाइट या धूरविरहित दारूने घेतली. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे काडतूस बाजारात आणले. ४८० ग्रेनची गोळी, २१५० फूट वेग आणि सुमारे ४९०० फूट-पाउंड ऊर्जा हे त्याचे मान पुढे हत्तीच्या काडतुसाचा मापदंडच ठरले.

कॉर्डाइटचा एक दोष होता. उष्णता वाढली की तिचा दाब वाढे. इंग्लंडच्या थंडीत सुरळीत चालणारे काडतूस मध्य प्रांताच्या किंवा सुदानच्या उन्हात तापले, की पुंगळी फुगून चेंबरमध्ये घट्ट रुतण्याचा धोका असे. म्हणून इंग्रज कारागिरांनी पुंगळ्या मुद्दाम ऐसपैस ठेवल्या. जागा जास्त असल्याने दाब कमी राही आणि रिकामी पुंगळी सहज बाहेर येई. जुन्या काडतुसांचा अवाढव्य आकार पाहून आज हसू येते; पण त्यामागे उष्ण कटिबंधाचा अनुभव होता.

या इतिहासाचा एक अध्याय भारतातही घडला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने भारतात .४५० व्यासाच्या रायफलींवर बंदी घातली. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीचा व्यासही तोच होता. शिकारीसाठी आलेला दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल, ही सरकारची भीती होती. भारतातील गिऱ्हाईक गमावणे कारागिरांना परवडणारे नव्हते. त्यांनी व्यास किंचित बदलून .४६५, .४७० आणि .४७५ अशी काडतुसे काढली. त्यांतील .४७० नायट्रो एक्स्प्रेस आजही दुनळी रायफलीचे सर्वांत लोकप्रिय काडतूस आहे. त्याचा जन्म प्राण्यांच्या गरजेतून झाला नाही, तो एका सरकारी हुकमातून झाला.

दोन चिरंजीव

दुनळी रायफल महाग होती. जर्मन मॉझर पद्धतीच्या बोल्ट रायफली स्वस्त होत्या आणि त्यांच्या मॅगझिनमध्ये अधिक काडतुसे मावत. त्यांच्यासाठी रिग्बीने १९११ मध्ये .४१६, तर हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम आणले. .३७५ मध्ये ३०० ग्रेनची गोळी सुमारे २५०० फूट वेगाने जाते. त्याची पुंगळी लांब आणि निमुळती आहे. त्यामुळे ती चेंबरमध्ये अलगद शिरते आणि तितक्याच सहज निघते. मात्र निमुळत्या पुंगळीला ठाम खांदा नसल्याने ती जास्त आत जाऊ नये म्हणून बुडाशी पट्टा ठेवावा लागला. पुढे अमेरिकी कंपन्यांनी गरज नसतानाही आपल्या 'मॅग्नम' काडतुसांवर हा पट्टा कायम ठेवला. तो ताकदीचे बोधचिन्ह बनला.

आफ्रिकेतील अनेक देशांत धोकादायक प्राण्यांसाठी .३७५ ही किमान मर्यादा मानली जाते. अपवाद दाखवायचा तर 'कारामोजो' बेल या स्कॉटिश शिकाऱ्याचा दाखला देतात. १८९२ मधील ७ मिलिमीटर मॉझर या लहानशा काडतुसाने त्याने शेकडो हत्ती मारले. हेच काडतूस इंग्लंडमध्ये .२७५ रिग्बी म्हणून ओळखले जाई आणि चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची होती. बेल हत्तीच्या कवटीची रचना अभ्यासून थेट मेंदूचा वेध घेत असे. प्रत्येकाला ते साधत नाही, म्हणूनच कायद्याला किमान मर्यादा घालावी लागते.

नव्यांची घाई

दुसऱ्या महायुद्धानंतर नायट्रो एक्स्प्रेसचे उत्पादन रोडावले. ती पोकळी भरण्यासाठी १९५६ मध्ये .४५८ विंचेस्टर मॅग्नम आले. ५०० ग्रेनची गोळी, २१०० फुटांहून अधिक वेग, म्हणजे जवळपास .४७० चीच ताकद. आणि तीही साध्या, स्वस्त रायफलीत. त्यासाठी पुंगळी मात्र अडीच इंचांची, आखूड ठेवली होती. तेवढ्यात दारू मावेना, म्हणून ती दाबून भरावी लागे. साठवणीत दारूचे ढेकूळ होऊन ती नीट पेटत नसे आणि वेग कागदावरच्या आकड्यापेक्षा बराच खाली येई.

मोझांबिकमध्ये १९५९ मध्ये रानरेड्याच्या हल्ल्यात जखमी झालेल्या जॅक लॉट या अमेरिकी शिकाऱ्याने १९७१ मध्ये २.८ इंची पुंगळीचे .४५८ लॉट तयार केले. तीच गोळी २३०० फूट वेगाने जाऊ लागली. दारूला पुरेशी जागा हवी, हा जुन्या कारागिरांचा धडा नव्या पिढीने असा फिरून गिरविला. पुढे .४५८ विंचेस्टरसाठीही सुधारित दारू आली आणि त्याचा दोष बराच कमी झाला.

.४१६ रेमिंग्टन मॅग्नम हे १९८० च्या दशकाच्या अखेरचे अपत्य. ते .४१६ रिग्बीइतकीच ताकद लहान पुंगळीतून देते. पण रिग्बीचा दाब चौरस इंचाला सुमारे ४७ हजार पाउंड असताना नव्याचा साठ हजारांच्या वर जातो. आजच्या दारूवर तापमानाचा परिणाम कॉर्डाइटपेक्षा कमी होतो, त्यामुळे हा दाब सहसा निभावतो. तरीही चाळीस अंशांच्या उन्हात पुंगळी अडकू नये, यासाठी काही अनुभवी शिकारी कमी दाबाचे जुने काडतूसच पसंत करतात.

२००७ मधील .३७५ रुगर हे नव्यांतील अधिक विचारपूर्वक केलेले काडतूस म्हणावे लागेल. त्याला पट्टा नाही आणि त्याची एकूण लांबी .३०-०६ या सर्वसामान्य काडतुसाइतकीच आहे. त्यामुळे खास लांब यंत्रणेची महागडी रायफल लागत नाही. वेगही जुन्या .३७५ पेक्षा शंभर फुटांहून अधिक आहे. मात्र वाटेत सामान हरवले, तर आफ्रिकेच्या एखाद्या गावात जुने .३७५ मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त!

हरिणवर्गीय प्राण्यांसाठीही हीच कथा आहे. १९६३ च्या .३०० विंचेस्टर मॅग्नमचा वेग २००१ च्या आखूड व जाड .३०० डब्ल्यूएसएमने जवळपास गाठला, पण ओलांडला नाही. २००७ मध्ये आलेल्या ६.५ क्रीडमूरचा फार बोलबाला झाला. परंतु त्याच व्यासाच्या १८९४ च्या स्वीडिश काडतुसाने स्कँडिनेव्हियात मूस हे अजस्र हरिण शतकभर मारले जात आहे. क्रीडमूरचा खरा लाभ लांब, निमुळत्या गोळ्यांना अनुकूल रचना आणि दूर अंतरावरील अचूकता हा आहे. तीनशे-चारशे मीटरवर तो जाणवतो. झुडपात वीस पावलांवर त्याला फारसा अर्थ उरत नाही.

खरा बदल गोळीत

या साऱ्या चर्चेत पुंगळीवर जितका भर दिला जातो, तितका गोळीवर दिला जात नाही. १९४६ मध्ये जॉन नॉस्लर यांनी कॅनडात .३०० हॉलंडने मूसवर गोळ्या झाडल्या. चिखलाने माखलेल्या कातड्यावर आदळताच त्या फुटल्या आणि खोलवर गेल्याच नाहीत. काडतूस समर्थ होते, गोळी दुबळी होती. नॉस्लर यांनी १९४८ मध्ये मध्यभागी तांब्याचा पडदा असलेली 'पार्टिशन' गोळी बाजारात आणली. तिचा पुढचा भाग पसरतो आणि मागचा अभंग राहून आत घुसतो. त्यानंतर आवरणाला शिसे जोडलेल्या आणि संपूर्ण तांब्याच्या गोळ्या आल्या. शिशाच्या कणांमुळे गिधाडवर्गीय पक्ष्यांना विषबाधा होते, हे लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी घातली. तेव्हापासून तेथे तांब्याचे महत्त्व अधिकच वाढले.

विशेष म्हणजे या सुधारणेचा लाभ जुन्या काडतुसांनाही तितकाच मिळाला. १९१२ चे .३७५ आजच्या गोळीसह आपल्या जन्मकाळापेक्षा कितीतरी परिणामकारक झाले आहे.

निवड कशी होते

वेग वाढला की धक्काही वाढतो. सारख्या वजनाच्या रायफलीत .४५८ चा धक्का .३०-०६ च्या सुमारे तिप्पट असतो. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटणाऱ्याला शंभर फूट अधिक वेगाचा काही उपयोग नाही. नव्या काडतुसांनी रायफली आखूड, हलक्या आणि स्वस्त केल्या, ही त्यांची खरी कमाई होय. जुन्यांची थोरवी त्यांच्या खात्रीत आहे : ती सहज भरली जातात, सहज निघतात आणि उन्हात हट्ट करीत नाहीत. दूरच्या हरिणासाठी नव्याचा विचार जरूर करावा. पण जिथे जखमी रानरेडा झुडपाआड उभा आहे आणि पुढे निःशस्त्र वाटाड्या चालतो आहे, तिथे दुसरी गोळी चेंबरमध्ये नक्की शिरेल याची हमी पहिल्या गोळीच्या वेगापेक्षा मोलाची ठरते.