बीडचा सातबारा: फसली सनापासून सर्व्हरपर्यंत

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी मराठवाड्यात मराठा आरक्षणासाठी जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि बीडसह सगळ्याच जिल्ह्यांत मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. सातबारा तोवर मोबाईलवर आलेला होता. त्यामागचे दप्तर मात्र निजामाच्या काळातच उभे होते.

एकच पद्धत गावोगाव बसवण्याचा खटाटोप या जिल्ह्याला नवा नाही. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, केली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व जमाबंदी झाली, १८८४ मध्ये दरबारी फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १३१७ फसलीत, म्हणजे १९०७च्या सुमारास, हैदराबादचा जमीन महसूल कायदा आला. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्राची जमीन महसूल संहिता लागू झाली. खासरा आणि पहाणी पत्रकांच्या जागी गाव नमुना सात आणि बारा आले. त्यातच एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर झाले. दर बदलाला जुनी वही समोर ठेवून नवी हाताने उतरवायची. चुकाही सोबत उतरत गेल्या.

संगणकाची सुरुवात बीडपासून दूर झाली. केंद्राने १९८८-८९ मध्ये भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातले आठ जिल्हे निवडले; त्यांत महाराष्ट्रातला होता वर्धा. एका जिल्ह्यात जमले म्हणून राज्यभर जमेल, हा हिशेब कागदावर सरळ होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. त्यानंतर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, घडवलेली ई-फेरफार प्रणाली तालुक्यातालुक्यांत पोचू लागली. बीडमध्ये आज ११ तालुके आहेत. वडवणी, शिरूर कासार, धारूर यांसारखे काही नंतर वेगळे झालेले. तालुका फुटला की त्याचे दप्तर आणि गावांची यादीही फुटते. संगणकाच्या भाषेत हे ११ ठिकाणांचे जाळे. महसुली भाषेत ११ तहसीलदार आणि त्यांच्या हाताखालचे तलाठ्यांचे कितीतरी सज्जे.

यंत्रे बसवणे हा त्यातला सोपा भाग. हस्तलिखित सातबारा आणि संगणकातला सातबारा यांचा मेळ बसेना: कुठे हिश्शांची बेरीज गटाच्या क्षेत्राहून जास्त, कुठे खातेदाराचे नाव चुकलेले, कुठे फेरफाराची नोंदच गळालेली. म्हणून या चुका दुरुस्त करायला एडिट मॉड्यूल आले, पाठोपाठ चावडी वाचन आले. संगणकातला उतारा गावासमोर मोठ्याने वाचायचा आणि हरकत ऐकायची. या वाचनाचा आराखडा बनवणाऱ्याला बीडचे वेळापत्रक माहीत असायलाच हवे: दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्या दिवसांत वाचन ठेवले तर हरकत घेणाराच फडावर असतो. निसटलेल्या लेखनचुकांना संहितेच्या १५५व्या कलमाचा आधार. मात्र त्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ ला सुरू झाला. कर्ज, पीकविमा, अनुदान या सगळ्यांची वाट त्यावरूनच जात असल्याने सर्व्हर मंदावला की त्याचा बोभाटा थेट गावात व्हायचा, आणि शिव्या खायला समोर तलाठीच असायचा. विम्याचा विषय तर बीडमध्ये फारच नाजूक. कंपन्या पुढे येईनात, तेव्हा २०२० च्या खरिपात इथेच ‘बीड पॅटर्न’ सुरू झाला: भरपाई हप्त्याच्या रकमेच्या ११० टक्क्यांपर्यंत कंपनीने द्यायची, त्यावरचा भार राज्याचा; नुकसान कमी झाले तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेले राज्याला परत करायचे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. आता नमुना बाराचा पीकपेरा शेतकरी स्वतः मोबाईलवर छायाचित्रासह भरतो आणि तलाठी त्यातल्या दहा टक्के नोंदी तपासतो. फसली सनात पहाणीची वही घेऊन शेतावर जाणाऱ्या पटवाऱ्याचे निम्मे काम असे खातेदाराच्या हातात आले आहे, मोबाईलला रेंज असली तर.