दिवटी व पोत : प्रज्वलनाच्या पद्धती

दिवटी व पोत : गोंधळ, जागरण, आराधना यांसारख्या रात्रीच्या विधींत आणि त्यांस जोडून असलेल्या खेळांत पेटवून हाती धरावयाची, ओवाळावयाची किंवा अंगाभोवती फिरवावयाची साधने. ‘दिवटी’ हा शब्द संस्कृत ‘दीपवर्तिका’ या शब्दापासून आला असून ‘मशाल’ हा मूळचा अरबी शब्द आहे. ही साधने पेटविण्यास मराठीत ‘पाजळणे’ असे म्हणतात. ती कशी पाजळावयाची, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला, तरी विस्तव मिळविण्याची सोय, उपलब्ध इंधन आणि विधीचे संकेत या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आलेल्या आहेत. यांपैकी इंधन बदलले आणि हाताळणी मात्र जुनीच राहिली, तेव्हा या परंपरेत पूर्वी नसलेला धोका निर्माण झाला.

साधने : दिवटी ही लोखंडाची वा पितळेची असून तिला मूठ व वरच्या टोकास चिंध्यांचा बोळा किंवा काकडा बसविण्याची खोबण असते. तिच्या जोडीला तेलाची बुधली असते. खंडोबाच्या कुलाचारात दिवटी-बुधली ही जोडी देवघरातच ठेवलेली असते. चंपाषष्ठीस (मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी) व तळी भरण्याच्या प्रसंगी ती बाहेर काढतात. पोत म्हणजे जुन्या सुती कापडाचा घट्ट पिळून केलेला व तेलात भिजविलेला जाड काकडा. तो प्रामुख्याने देवीच्या उपासनेत आढळतो. कवड्यांच्या माळा घालणारे भुत्ये व आराधी पोत नाचवितात आणि त्याची ज्योत हातांवरून व अंगावरून झर्रकन फिरवितात. लांब दांड्याच्या टोकास चिंध्या गुंडाळून टेंभा करीत. पलिता हा त्याहून लहान. दांडपट्ट्याबरोबर खेळावयाच्या मर्दानी खेळांत दोन्ही टोके पेटविलेली बनेटी वापरतात. ती वेगाने फिरविली असता अंधारात अग्नीची वर्तुळे दिसतात.

विस्तवाची उपलब्धता : यज्ञकर्मात शमीगर्भ अश्वत्थाच्या अरणी घासून अग्नी उत्पन्न करीत, लोकविधींत मात्र असा नवा अग्नी काढण्याची पद्धत सहसा नव्हती. घरोघरी चुलीतील विस्तव राखेखाली झाकून ठेवीत आणि तो विझल्यास शेजारून गोवरीच्या तुकड्यावर आणीत. प्रवासात चकमकीचा उपयोग होई. गारगोटीवर पोलादाचा तुकडा आपटून उडालेली ठिणगी कापसावर धरीत. सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात भेरली माडाच्या पानांच्या बुडाशी मिळणारा लोकरीसारखा कापूस या कामी येई. ठिणगीमुळे कापूस नुसता धुमसतो. त्यावर फुंकर घालून व सुके गवत लावून ज्वाळा करावी लागते. भिजलेला पोत चकमकीच्या ठिणगीने सरळ पेटत नाही. त्यामुळे ठिणगी, विस्तव, लहान ज्योत व शेवटी मोठी ज्योत असा क्रम अपरिहार्य होता.

विधीतील प्रज्वलन : हाच क्रम विधीत पावित्र्याचा संकेत बनला. गोंधळात धान्य, कलश इ. मांडून चौक भरतात व देवीची स्थापना करतात. तेथील समईवर दिवटी पाजळली जाते आणि दिवटीवर पोत. अग्नी नव्याने उत्पन्न करावयाचा नसून देवीपुढील ज्योतच पुढे न्यावयाची, अशी यामागील भावना आहे. गोंधळ्यांच्या कदमराई (तुळजाभवानीचे उपासक) व रेणुराई (माहूरच्या रेणुकेचे उपासक) या दोन्ही परंपरांत संबळ आणि तुणतुणे यांच्याइतकेच दिवटीला महत्त्व आहे. ती नुसती प्रकाशाचे साधन नसून देवीच्या उपस्थितीची खूण मानली जाते. काकड्याने पेट चटकन घ्यावा म्हणून त्याच्या टोकाशी कापराची वडी ठेवतात. कापराची सामान्य तापमानासही वाफ होत असल्यामुळे तो ज्योत जवळ येताच पेटतो आणि त्याच्या उष्णतेने तेल तापू लागते. विधी संपल्यावर दिवटी ‘विझविली’ असे न म्हणता ‘शांत केली’ असे म्हणतात. काही घराण्यांत ती दुधाने शांत करण्याची रीत आहे.

तेल व हाताळणी : दिवटीसाठी देशावर करडई, तीळ, करंज यांची व कोकणात खोबऱ्याचे आणि उंडीचे तेल वापरीत. वनस्पतिज तेले साध्या तापमानास ज्योतीने पेटत नाहीत. त्यांची पेट घेण्याजोगी वाफ होण्यास २०० अंश सेल्सिअसपेक्षा बरेच अधिक तापमान लागते. म्हणून वातीची गरज असते. कापडाच्या तंतूंतून थोडे थोडे तेल वर चढते, टोकाशी तापते व त्याची वाफ जळते. यातून हाताळणीचे काही नियम ठरून गेले. काकडा आधी पुरेसा भिजवावयाचा. फिरविताना थेंब उडू नयेत म्हणून तो पिळून जास्तीचे तेल काढावयाचे. ज्योत एका टोकाशी धरून तेल तापेपर्यंत थांबावयाचे. आणि ज्योत सर्वत्र पसरल्यावरच साधन उचलावयाचे. ज्योत मंदावली की पेटत्या दिवटीवरच बुधलीने तेलाची धार धरीत. हे तेल थंड असताना पेट घेत नसल्यामुळे धारेवाटे ज्वाळा बुधलीपर्यंत पोहोचत नसे. पेट घेण्यास लागणारा वेळ हा या पद्धतीचा दोष वाटला, तरी वस्तुतः तेच तिचे संरक्षण होते. अंगावर पोत फिरविताना इजा न होण्याचे कारणही मुख्यतः गतीत आहे. ज्योतीचा त्वचेशी संपर्क क्षणमात्र येतो व त्वचेचे तापमान धोक्याच्या पातळीपर्यंत चढत नाही. हात थांबला की भाजते. म्हणून पोत खेळण्याचे कसब जाणत्यांच्या देखरेखीखालीच शिकले जाई.

धंदा म्हणून दिवटी धरणारेही असत. सरकारी अंमलदारांच्या व लग्नाच्या वरातींच्या पुढे मशाल धरणाऱ्यास दिवट्या किंवा मशालजी म्हणत आणि अनेक गावांत हे काम न्हाव्याकडे असे. तमाशाच्या फडातही टेंभे धरणारा माणूस लागे. त्याचे काम ज्योत सतत जागती ठेवण्याचे असून खेळाचा प्रकाश सर्वस्वी त्याच्या दक्षतेवर अवलंबून राही.

आगपेटी : इंग्लंडमधील जॉन वॉकर याने १८२७ मध्ये घर्षणाने पेटणाऱ्या काड्या विक्रीस आणल्या. त्यानंतरच्या काड्यांत पांढरा फॉस्फरस वापरीत. तो कामगारांच्या जबड्याची हाडे कुजविणारा असल्याने भारतात १९१३ च्या अधिनियमाने अशा काड्यांना बंदी करण्यात आली. तांबड्या फॉस्फरसाचा पट्टा पेटीवर वेगळा लावण्याची सुरक्षित पद्धत स्वीडनमध्ये गुस्ताव्ह एरिक पाश (१८४४) याने शोधली व लुंडस्ट्रम बंधूंनी ती व्यापारी प्रमाणावर आणली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीडन व पुढे जपान येथील आगपेट्या भारतात येऊ लागल्या. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा कारखाना अंबरनाथ येथे होता. आगपेटीमुळे विस्तव राखण्याची गरज संपली. पण समईवरून दिवटी पाजळण्याचा प्रघात मोडला नाही. बहुधा समई काडीने लागते आणि दिवटी समईवरच. नव्या साधनास परंपरेने अशा रीतीने एक पायरी अलीकडे थांबविले आहे.

रॉकेल : यापेक्षा मोठा बदल खनिज तेलाने घडविला. ‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’ या इंग्रजी नावापासून, तर ‘घासलेट’ हा ‘गॅसलाइट’ यापासून रूढ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन व रशियन रॉकेल भारताच्या बाजारांत पोहोचले. स्वस्त, पातळ व काडी लावताच पेटणारे असल्याने ते दिवटीतही शिरले. वनस्पतिज तेलाहून त्याचे वर्तन मूलतः भिन्न आहे. उन्हाळ्यातील हवेच्या तापमानाहून फार अधिक नसलेल्या तापमानास त्याची वाफ पेट घेऊ शकते. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार ते २३ ते ६५ अंश सेल्सिअस या मर्यादेतील ‘ब’ वर्गात मोडते. त्यामुळे गोड्या तेलाच्या काळातील सवयी घातक ठरतात. पेटत्या दिवटीवर धरलेल्या रॉकेलच्या धारेतून ज्वाळा भांड्याकडे धाव घेऊ शकते. विझवलेला पण अजून गरम असलेला काकडा पुन्हा रॉकेलमध्ये बुडविल्यास एकदम वाफ होते आणि ती भडकते. न पिळलेल्या काकड्यातून उडालेले थेंब पेटलेल्या स्थितीतच कपड्यांवर पडतात. पेट्रोलची वाफ तर शून्याखालील तापमानासही पेट घेत असल्याने दिवटी वा बनेटीसाठी ते कदापि वापरू नये. मिरवणुकांत तोंडातून रॉकेल फवारून ज्वाळा काढण्याचा प्रकार गोंधळाच्या परंपरेतील नाही. त्यात भाजण्याखेरीज रॉकेल श्वासावाटे फुप्फुसात जाऊन गंभीर दाह होण्याचा धोका असतो.

बत्ती व वीज : ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन व्हेल्सबाख याने १८८५ मध्ये शोधलेल्या जाळीमुळे (मँटल) प्रखर प्रकाशाचे दिवे शक्य झाले व विसाव्या शतकात दाबावरील बत्त्या खेड्यापाड्यांतून पोहोचल्या. लग्नाची वरात व तमाशाचा फड यांतून टेंभे मागे पडले. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात माले गावच्या परिसरातील मुळशी धरणाच्या पाण्यावर भिरा (जि. रायगड) येथे १९२७ पासून वीज निर्माण होऊ लागली, तथापि ती मुंबईकडे गेली. या धरणाविरुद्ध सेनापती बापट प्रभृतींच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात मुळशी सत्याग्रह झाला होता. राज्यातील खेड्यांचे विद्युतीकरण मोठ्या प्रमाणावर झाले, ते १९६० नंतर. मावळपट्ट्यातील मराठा व अन्य समाजांत लग्नकार्यानंतर देवीचा गोंधळ वा खंडोबाचे जागरण घालण्याची प्रथा विजेच्या दिव्यांखालीही चालू राहिली. प्रकाशाची गरज संपल्यावरही दिवटी टिकली, यावरून तिचे कार्य प्रकाशापुरते मर्यादित नव्हते हे स्पष्ट होते.

अन्यत्र : अग्निक्रीडेची साधने जगात अनेक ठिकाणी आढळतात. सामोआ बेटांतील सुरीनृत्यात अग्नीचा प्रवेश अलीकडचा आहे. फ्रेडी लेटुली या सामोअन कलावंताने १९४६ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे एका हिंदू अग्निभक्षकाचा खेळ पाहून व त्याच्याकडून इंधन घेऊन आपल्या सुरीच्या टोकांना टॉवेल गुंडाळले आणि ते पेटविले, असे सांगितले जाते. न्यूझीलंडमधील माओरी लोकांच्या ‘पोई’ या दोरीच्या चेंडूंना पेटते रूप देण्याची प्रथाही अशीच आधुनिक आहे. या खेळांत सुती चिंध्यांऐवजी न वितळणाऱ्या अ‍ॅरमिड तंतूंच्या पट्ट्या वापरतात. मात्र त्यांचे नियम ओळखीचे वाटतात : पट्टी भिजवून जास्तीचे इंधन निथळून टाकणे, इंधनाचे भांडे झाकून दूर ठेवणे, तेथून अंतरावर जाऊनच ज्योत लावणे, आणि ओले जाड कापड घेतलेला सहकारी जवळ उभा करणे. यांपैकी पहिला नियम पोत पिळणाऱ्यांस पूर्वीपासून ठाऊक होता. दुसरा व तिसरा ज्वालाग्राही खनिज तेलामुळे आवश्यक झाला.

दिवटी व पोत यांच्या परंपरेत गोडे तेल, सुती कापड व समईवरील ज्योत ही तीन अंगे परस्परपूरक आहेत. सुती झग्याच्या जागी नायलॉन वा पॉलिएस्टरचा पोशाख आला, तर तो वितळून त्वचेस चिकटतो. गोड्या तेलाच्या जागी रॉकेल आले, तर बुधलीची धार धोक्याची ठरते. काही घराण्यांत दिवटीला गोडे तेलच लागते, असा दंडक आजही पाळला जातो. तो केवळ सोवळ्याचा भाग समजला जात असला, तरी त्यात दीर्घ अनुभवातून आलेले व्यावहारिक शहाणपण आहे.