मीठ ‘चवीनुसार’ म्हणजे नेमके किती?

पाककृतींच्या मराठी पुस्तकात साखर वाटीने मोजलेली असते, तेल पळीने आणि तिखट चमच्याने. मिठापुढे मात्र बहुधा ‘चवीनुसार’ एवढाच शब्द असतो. पानात सर्वांत आधी वाढला जाणारा आणि सर्वांत कमी मोजला जाणारा पदार्थ तो हाच. चव ही सवयीची गोष्ट आहे आणि सवय नकळत वाढत जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका शब्दातील गोम कळते. रक्तदाबाचा रुग्ण ‘मी वरून मीठ घेत नाही’ असे डॉक्टरांना प्रामाणिकपणे सांगतो आणि ते खरेही असते. अडचण एवढीच, की त्याच्या पोटात जाणारे बहुतेक मीठ वरून घेतलेले नसतेच.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यात वजनाने सुमारे चाळीस टक्के सोडियम असते. म्हणजे एक ग्रॅम मिठातून साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम मिळते. प्रौढ व्यक्तीने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजेच पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही पाच ग्रॅमचीच मर्यादा आहे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. ही कमाल मर्यादा आहे, गाठावयाचे उद्दिष्ट नव्हे. नसांतील संदेशवहन, स्नायूंचे आकुंचन, शरीरातील पाण्याचा समतोल या सर्वांना सोडियम लागते. परंतु ही गरज त्या मर्यादेच्या बरीच खाली भागते आणि दूध, भाज्या, डाळी यांतूनही थोडे सोडियम मिळतच असते. गरजेपेक्षा जास्त सोडियम आले की शरीर त्यासोबत पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरचा ताण वाढतो. हे वर्षानुवर्षे चालले की मेंदूतील रक्तवाहिन्या, हृदय आणि मूत्रपिंडे यांना त्याची किंमत मोजावी लागते. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण दाखवीत नाही, ही त्यातली सर्वांत धोक्याची बाब.

आपण प्रत्यक्षात खातो किती? २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत लघवीच्या नमुन्यांवरून केलेल्या अंदाजानुसार भारतीय प्रौढ माणूस दिवसाला सरासरी आठ ग्रॅम मीठ खातो. पुरुष नऊ ग्रॅमच्या आसपास, स्त्रिया सातच्या आसपास. मुंबईत २०२१ मध्ये महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने केलेल्या पाहणीतही ही सरासरी साडेआठ ग्रॅमच्या घरात होती आणि साधारण दर तीन प्रौढांमागे एकाचा रक्तदाब वाढलेला आढळला. जगाची सरासरी दहा ग्रॅमच्या वर आहे, हे खरे. पण त्यात समाधान मानावे असे काही नाही.

पिशवीचा हिशेब

आपल्या घरात किती मीठ जाते, हे कळण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मिठाची एक किलोची नवी पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहून ठेवावी आणि ती किती दिवस पुरली ते पाहावे. घरात चार प्रौढ माणसे असतील, तर पाच ग्रॅमच्या हिशेबाने दिवसाला वीस ग्रॅम, म्हणजे पिशवी पन्नास दिवस पुरावयास हवी. ती तीस दिवसांत संपत असेल, तर माणशी आठ ग्रॅमच्या वर मीठ केवळ स्वयंपाकघरातूनच जात आहे. लोणचे घातले असेल किंवा भाज्या धुण्यासाठी, गुळण्यांसाठी मीठ वापरले असेल, तर तेवढे वजा करावे. मुलांची मर्यादा मोठ्यांपेक्षा कमी असते, हेही धरावे. पण पन्नास दिवस पुरली म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण या हिशेबात पाव, फरसाण, पापड, बिस्किटे काहीच आलेले नाही. ते सर्व गृहीत धरले, तर चौघांच्या घरात पिशवी दोन महिन्यांहून अधिक टिकणे हेच योग्य प्रमाण म्हणावे लागेल. भारतीय आहारात सोडियमचा मोठा वाटा घरच्या स्वयंपाकातून येतो. पाश्चात्त्य देशांत याच्या उलट स्थिती आहे. तेथे तो मुख्यतः तयार पदार्थांतून येतो. शहरातल्या नोकरदार कुटुंबाचे दुर्दैव असे, की त्याच्या वाट्याला दोन्ही येते.

हे पाहावयाचे तर शीळफाट्याइतके चांगले ठिकाण नाही. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा रस्ता, कल्याण-डोंबिवलीहून येणारा कल्याण-शीळ रस्ता आणि महापेची वाट येथे एकत्र येतात. नवी मुंबईतील कचेऱ्यांकडे आणि तळोजाच्या कारखान्यांकडे जाणारी माणसे रोज या नाक्यावरून जातात आणि येथली वाहतूक कोंडी त्यांना ठाऊक आहे. घरी पोहोचण्यास उशीर होणार हे ठरलेले, म्हणून वाटेत काहीतरी खाल्ले जाते. या परिसराचे मिठाशी नाते तसे जुने. येथल्या आगरी समाजाचे नाव ‘आगर’ म्हणजे मिठागर या शब्दाशीच जोडले जाते आणि ठाणे खाडीच्या काठची मिठागरे अनेकांनी लोकलच्या खिडकीतून पाहिली आहेत. मात्र ते मीठ पांढऱ्या राशींच्या रूपाने डोळ्यांना दिसे. आजचे दिसत नाही.

डोंबिवलीहून महाप्याला जाणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याचा दिवस घेऊ. सकाळी चहासोबत दोन खाऱ्या: सुमारे अर्धा ग्रॅम मीठ. डब्यातील चमचाभर लोणचे: मीठ हाच टिकवणारा घटक असलेल्या लोणच्यात दहा-बारा टक्के मीठ असते, म्हणजे दहा ग्रॅमच्या फोडीत एक ग्रॅम. संध्याकाळी नाक्यावर एक वडापाव: पावात अर्धा ग्रॅम, वड्याचे सारण, आवरण आणि लसणीची सुकी चटणी मिळून आणखी पाऊण ते एक ग्रॅम. वडापावच्या पावात मीठ आहे हे जिभेला कधीच जाणवत नाही, आणि मिठासोबत मिळणारी खारवलेली मिरची यात धरलेली नाही. घरी आल्यावर मूठ-दोन मुठी फरसाण, म्हणजे पन्नास ग्रॅम: एक ग्रॅमच्या आसपास. रात्रीच्या जेवणात एक उडदाचा पापड: अर्धा ग्रॅम. आकडे ढोबळ आहेत, दुकानागणिक बदलतील. पण बेरीज चार ग्रॅमच्या वर जाते. आणि अजून भाजी, आमटी, पोळी, भात यांतील मिठाला हात लावलेला नाही. दिवसाची मर्यादा ज्यांना आपण जेवण म्हणतच नाही, अशा पदार्थांनीच जवळजवळ संपवलेली असते.

खारट नसलेले सोडियम

मीठ हे सोडियमचे मुख्य रूप असले, तरी एकमेव नव्हे. खाण्याच्या सोड्यात वजनाने सुमारे सत्तावीस टक्के सोडियम असते. चहाच्या चमचाभर सोड्यात बाराशे मिलिग्रॅमच्या वर. भजी कुरकुरीत व्हावीत, डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूट टाकली जाते ती याची. पापडखार हाही सोडियमचाच क्षार, त्यामुळे पापडात मीठ आणि खार अशी दुहेरी भर पडते. ढोकळ्यासाठी किंवा पित्त झाले म्हणून घेतलेल्या फ्रूट सॉल्टच्या पाच ग्रॅमच्या पुडीत आठशे मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते, म्हणजे दोन ग्रॅम मिठाइतके. रोज रात्री ती पुडी घेणाऱ्यांनी याचा विचार करावा. पाण्यात टाकताच फसफसणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांतही एका गोळीमागे सुमारे चारशे मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असू शकते. अजिनोमोटो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये मात्र मिठाच्या साधारण एक तृतीयांशच सोडियम असते. चायनीजच्या गाडीवरचा खरा भार सोया सॉस आणि मीठ यांचा. गोड बिस्किटे आणि केक गोड लागतात म्हणून त्यांत सोडियम नाही, असे समजू नये.

सैंधव ऊर्फ शेंदेलोण आणि पादेलोण यांच्याविषयीचा गैरसमज तर फारच चिवट आहे. दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच होत. रंग वेगळा, वास वेगळा, किंमत बरीच वेगळी. सोडियम जवळपास तेवढेच. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत सैंधव घातले आणि सोबत बटाट्याचे वेफर्स खाल्ले, तर रक्तदाबाच्या दृष्टीने तो उपवास ठरत नाही. शिवाय सैंधवात आयोडीन असेलच असे नाही. आयोडीनरहित खाद्यमिठाच्या विक्रीवर आपल्याकडे २००६ मध्ये बंदी आली ती गलगंड आणि मुलांच्या बौद्धिक वाढीचा प्रश्न लक्षात घेऊन. तेव्हा मीठ आयोडीनयुक्तच वापरावे, फक्त कमी वापरावे.

सुक्या मासळीत मात्र भेद करावयास हवा. बोंबील बहुधा नुसते उन्हात वाळवतात. खारवलेला बांगडा किंवा सुरमई मिठात मुरलेली असते. ती भिजवून पाणी फेकून द्यावे आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये. कोकमाच्या आगळालाही हेच लागू. त्यात मीठ आधीच भरपूर असते आणि तरीही सोलकढीत सवयीने पुन्हा घातले जाते.

पाकीटबंद पदार्थांचे काम त्यामानाने सोपे आहे. २०२० च्या लेबलविषयक विनियमांनुसार पाकिटावर सोडियमचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये आणि एका वाढीव्यात दिवसाच्या २००० मिलिग्रॅमचा किती टक्के भाग येतो, हे छापणे आवश्यक झाले. ही तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू आहे. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. शंभर ग्रॅममागे १२० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असेल तर तो पदार्थ कमी सोडियमचा, आणि ६०० च्या वर असेल तर तो खारटच समजावा, मग जिभेला काही वाटो. ‘एक वाढीव’ म्हणजे किती, हे जरूर पाहावे. दीडशे ग्रॅमच्या वेफर्सच्या पाकिटावर वाढीव तीस ग्रॅमचे छापलेले असते आणि पाकीट एका बैठकीत संपते. झटपट नूडल्सच्या एका पाकिटात दिवसाच्या मर्यादेचा तिसरा भाग सहज निघतो. चव मसाल्याच्या पुडीत असते, ती अर्धीच वापरली तर सोडियमही बरेच घटते. पण नाक्यावरचा वडापाव, सुटे फरसाण आणि बेकरीतील पाव यांना लेबल नसते. तेथे स्वतःचाच अंदाज कामी येतो.

ब्रिटनने २००३ नंतर पावासह नित्याच्या पदार्थांतील मीठ उत्पादकांकडून हळूहळू, टप्प्याटप्प्याने कमी करून घेतले. २०००-०१ मध्ये सरासरी साडेनऊ ग्रॅम असलेले सेवन २०११ पर्यंत ८.१ ग्रॅमवर आले आणि पावाची चव बिघडल्याची ओरड काही झाली नाही. घरातही हाच मार्ग चालतो. एका दिवसात जेवण अळणी केले तर घरात बंड होते. दर पंधरवड्याला थोडे थोडे कमी केले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. जीभ नव्या चवीला सरावण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, त्यानंतर पूर्वीचीच आमटी खारट लागते. कणकेत आणि भातात मीठ न घालणे ही सर्वांत सोपी सुरुवात, कारण हे दोन्ही पदार्थ आपण नेहमी चवदार कालवणासोबतच खातो. मीठ चिमटीने वा मुठीने न घालता मोजाच्या छोट्या चमच्याने घालावे, तेही शेवटी. लिंबू, चिंच, आले, लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, ओले खोबरे, कोथिंबीर यांनी मिठाची उणीव बरीच भरून निघते. आपल्या मसाल्याच्या डब्याइतकी सोय फार थोड्या स्वयंपाकघरांत असेल. डोंबिवलीतील पोळी-भाजी केंद्रांवर गिऱ्हाईक ‘तेल कमी’ असे आवर्जून सांगते. ‘मीठ कमी’ असे सांगणारे विरळा. मागणीच नसेल तर केंद्रचालक तरी कशाला बदल करील?

मिठातील सोडियमचा काही भाग पोटॅशियमने बदललेले मीठही बाजारात मिळते. चीनच्या ग्रामीण भागात ६०० खेड्यांतील सुमारे २१ हजार लोकांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये घरगुती वापरासाठी त्याची सशर्त शिफारस केली आहे. मुले, गर्भवती स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण मात्र तीतून वगळले आहेत. मूत्रपिंडे कमकुवत असतील किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर रक्तातील पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. असे मीठ डॉक्टरांना विचारल्यावाचून आणू नये.

उलट टोकही तितकेच टाळावयास हवे. लघवी होण्याची औषधे घेणाऱ्या वृद्धांनी परस्पर मीठ पूर्ण बंद केले, तर रक्तातील सोडियम घसरून गुंगी, गोंधळलेपणा आणि तोल जाणे असे प्रकार घडतात. उन्हात अंगमेहनत करणाऱ्याची गरज वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्यापेक्षा वेगळी असते, आणि जुलाबात दिले जाणारे मीठ-साखर-पाणी हे औषध आहे. रक्तदाब आहे म्हणून ते नाकारू नये.