एल.सी.पी.एस. आणि दर्जाचे राजकारण

डॉक्टरांचे राजकीय वजन मोजताना विधिमंडळातल्या डॉक्टरांची नावे मोजण्यात अर्थ नाही. या पेशाची खरी सत्ता आहे ती डॉक्टर कोणी व्हायचे हे ठरवण्यात. ती ‘तज्ज्ञांचे मत’ या नावाने चालते, म्हणून तिला कोणी राजकारण म्हणत नाही.

1943 साली इंग्रज सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली. भोर जन्माने नाशिकचे, पेशाने सनदी अधिकारी. समितीत वजन मात्र डॉक्टरांचे. अहवाल 1946 साली आला. तेव्हा देशात सुमारे साडेसत्तेचाळीस हजार नोंदलेले डॉक्टर होते आणि त्यांतले जवळजवळ तीस हजार पदवीधर नव्हते. मॅट्रिकनंतर मेडिकल स्कूलात चार वर्षे शिकून ते डॉक्टर झाले होते. मुंबई इलाख्यात त्यांना एल.सी.पी.एस. म्हणत. समितीच्या बहुमताने ही वाट बंद करायला सांगितले: यापुढे डॉक्टर तो पदवीधरच. सहा सभासदांनी विरोध नोंदवला, तो कागदावर राहिला. खुद्द एल.सी.पी.एस.वाल्यांनाही दुय्यम वागणुकीचा वीट आला होता, हेही खरे. त्यांना बरोबरीचा मान हवा होता.

पण काळ कोणता होता? व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या मिळवल्या त्या 1944च्या सुमारास. सिद्धार्थ कॉलेज निघाले 1946 साली. आमची पोरे कुठे मॅट्रिकच्या उंबऱ्याशी येत होती, तोच डॉक्टरीचा उंबरा इंटर सायन्सच्या पलीकडे सरकला. समितीच्या मनात जात होती असे मी म्हणत नाही. मनात असण्याची गरजच नव्हती. ‘दर्जा’ हा शब्द पुरेसा होता. आणि त्या दर्जाचे डॉक्टर शहरातच राहिले.

1946 सालीच पुण्याचे आणि अहमदाबादचे बी.जे. मेडिकल स्कूल कॉलेज झाले. त्याच अहमदाबादच्या बी.जे.त 1981 साली पदव्युत्तर राखीव जागांविरुद्ध आंदोलन पेटले. या वेळी शब्द होता ‘गुणवत्ता’. रिकाम्या राखीव जागा पुढच्या वर्षी नेण्याची तरतूद सरकारने मागे घेतली, तरी आंदोलक थांबले नाहीत. त्यांना राखीव जागाच नको होत्या. कॉलेजातला वंणवा गिरणी भागात आणि खेड्यांत गेला. हल्ले झाले ते दलित वस्त्यांवर. त्या वस्त्यांतून पदव्युत्तर जागेपर्यंत पोचलेली पोरे बोटांवर मोजण्याइतकी होती.