रंजक, केप आणि काडतूस

मराठ्यांच्या युद्धांची वर्णने वाचताना तोफा, जंबुरे, बाण आणि बंदुका यांचे उल्लेख पावलोपावली भेटतात. परंतु ज्या चिमूटभर द्रव्याने बार पेट घेई, त्याकडे आमच्या इतिहासलेखकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. त्याचे जुने नाव रंजक. (आज विद्यार्थ्यांस हा शब्द सांगितला तर त्यांना मनोरंजनच आठवते, हा भाग निराळा.) बंदुकीच्या कानाजवळील लहानशा पेल्यात बारीक दारू घालावी, तीस जळत्या तोड्याने बत्ती द्यावी आणि ज्योत कानातून आत शिरून मुख्य बार उडावा, अशी ही योजना होती. पावसाची एक सर आली की सारा खेळ संपे. 'फुसका बार' हा शब्दप्रयोग आमच्या भाषेत उगीच रूढ झालेला नाही.

डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामास याच भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराहा येथे तह झाला, तो काळ तोड्याच्या बंदुकांचा. पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी द बॉयन्याने कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांच्यासाठी सँग्स्टर नावाचा स्कॉच कारागीर आग्र्यास तोफा ओती व चकमकीच्या बंदुका घडवी. तोडा जाऊन गार आली, पण रंजक तीच राहिली. सोरा, गंधक व कोळसा मिळाला म्हणजे बार आणि रंजक दोन्ही आपल्याच घरी तयार होत. आमच्या मते ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

हे स्वावलंबन मोडले ते रसायनशास्त्राने. १८०० साली हॉवर्डने पाऱ्याच्या स्फोटक क्षाराचे वर्णन प्रसिद्ध केले. फोर्साइथ नावाच्या स्कॉच धर्मोपदेशकास शिकारीचा नाद होता. पेल्यातील झगमगाटाने पक्षी सावध होतात, म्हणून त्याने आघाताने पेटणाऱ्या स्फोटकाची युक्ती काढली व १८०७ मध्ये तिचे पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची केप निघाली. १८५७ च्या काडतुसांवरील चरबीची चर्चा आम्ही शाळाशाळांतून करतो. परंतु त्या कागदी काडतुसात केप नसे, ती शिपायाच्या निराळ्या पिशवीत असे, हे सहसा सांगत नाही. बंडवाल्यांना दारूगोळा तयार करता आला, केपांची मात्र टंचाई भासली. हातात उत्तम बंदूक आणि तिच्या घोड्याखाली ठेवावयास केप नाही, ही अवस्था तलवारीच्या अभावापेक्षा वाईट! खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा, तोही इंग्रजांचाच.

१८६६ च्या सुमारास केप पितळी काडतुसाच्या बुडात जाऊन बसली. तीच आजची 'प्रायमर'. इंग्रज बॉक्सरच्या रचनेत ऐरण प्रायमरमध्येच असते व बुडास मधोमध एकच छिद्र असते; अमेरिकन बर्डनच्या रचनेत ऐरण काडतुसात आणि छिद्रे बहुधा दोन. गंमत अशी की, बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. हाताने काडतूस पुन्हा भरणारा नेमबाज बॉक्सरचीच निवड करतो, कारण त्यात सुईच्या एका दाबाने जुना प्रायमर निघतो. रायफलीच्या प्रायमरची वाटी जाड असते, कारण तिला अधिक दाब सोसावा लागतो. पिस्तुलाची पातळ, कारण तिथे आघात मंद. यांची अदलाबदल करणे धोक्याचे. प्रायमरची जात बदलली तर दारूचे माप कमी करून पुन्हा पायरीपायरीने ठरवावे लागते. जुन्या प्रायमरांतील क्लोरेटमुळे नळीत क्षार उरे, तो दमट हवेत पाणी शोषी आणि गंज चढे. अशी बंदूक नुसत्या तेलाने नव्हे, प्रथम पाण्याने धुवावी लागे. विसाव्या शतकात शिशाच्या संयुगांनी हा दोष हटविला.

शिशाची गोळी घरी ओतता येते, पितळेची नळी पुनःपुन्हा वापरता येते; प्रायमर मात्र कारखान्याकडूनच घ्यावा लागतो. मार्च २०२३ मध्ये भोपाळात नेमबाजीची विश्वचषक स्पर्धा झाली. तेथील पिस्तुलांची व पन्नास मीटर रायफलींची बारीक काडतुसे तर याहूनही परावलंबी. त्यांत स्फोटक कडेच्या घडीतच भरलेले असते. प्रायमर निवडण्याचा वा काडतूस पुन्हा भरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.