डोंगा, द्रोण आणि कयाक

सावनेरहून खाप्याला, कन्हान नदीच्या काठी गेले की 'डोंगा' हा शब्द हमखास आठवतो. झाडाचा बुंधा कोरून केलेली अरुंद नाव म्हणजे डोंगा. विदर्भातल्या ढीवरांनी डोंग्यात बसून जाळी टाकली, तळ्यांतले शिंगाडे काढले. बंगालीतही तो डोंगाच, हिंदीत डोंगी. परवा शेजारच्या मुलाने विचारले, "कयाक म्हंजे इंग्रजी डोंगाच ना जी?" शब्द इंग्रजीही नाही आणि वस्तू डोंगाही नाही, हे त्याला सांगताना बरेच काही उलगडत गेले.

कयाक मूळचा उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांचा शब्द. ग्रीनलंडच्या भाषेत तो 'क़ायाक़' असा काहीसा ऐकू येतो. त्यातला 'क़' घशातून खोल निघतो, उर्दूतल्या 'क़लम'सारखा. डेन्मार्कने 1721पासून ग्रीनलंडमध्ये वसाहत केली, पुढे हा शब्द युरोपभर पसरला, आणि इंग्रजीतून आपल्याकडे येताना घशातला तो 'क़' गळून साधा 'क' उरला.

मराठी कानाला कयाकमध्ये 'काया' ऐकू येते, पण संस्कृत 'काय'शी त्याचे काही नाते नाही. नुसत्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती लावली की शब्दाचा खरा इतिहास हातचा जातो. तरीही ही नाव अंगाला कपड्यासारखी बसते, हे मात्र खरे. इनुइटांच्या मुलखात कोरायला झाडच नाही. समुद्राने वाहून आणलेले लाकूड नाहीतर हाडे बांधून सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे. पाणी आत येऊ न देणारी ती शिलाई बायका करत. शिकारी आत बसला की त्याच्या कातडी अंगरख्याचा घेर बैठकीच्या कडेला आवळून बांधत, म्हणजे लाटेने नाव उलटली तरी पाणी आत शिरत नसे. कुटुंब आणि सामान नेणारी मोठी उघडी नाव वेगळी, तिचे नाव 'उमियाक'.

आपल्याकडे झाडे होती, म्हणून इथल्या काही भांड्यांचे शब्दही झाडातून निघाले. संस्कृतात 'द्रु' म्हणजे लाकूड, 'द्रुम' त्यातलाच. त्याच्याशीच जोडलेला 'द्रोण' म्हणजे आधी लाकडी पात्र. 'द्रोणी' म्हणजे लाकडी कुंड आणि नावही. विहिरीजवळची, गुरांना पाणी पाजायची डोण त्याच कुळातली. पंगतीत आपण पळसाच्या पानाचा द्रोण हातात घेतो, तेव्हा त्यात लाकडाचा मागमूस नसतो. आता तर द्रोण कागदाचाही मिळतो. लाकूड गेले, पोकळ आकार राहिला, आणि शब्द त्या आकाराबरोबर चालत आला.

कयाकचेही असेच झाले. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यती झाल्या, तिथे सीलच्या शिकारीशी तिचा संबंध उरला नव्हता. आज ती बहुतेकदा प्लास्टिकची असते. आकार, दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आणि शब्द, एवढेच तिकडून आले आहे.

ध्वनिसाम्याने फसवणारे शब्द मराठीतही आहेत: होडी ती 'नाव' आणि हाक मारायचे तेही 'नाव'. पहिले 'नौ'पासून आले, दुसरे 'नाम'पासून. मुळे निराळी, उच्चार एक. त्या मुलाला मी एवढेच सांगितले, की कयाक म्हणताना सीलचे कातडे आठव आणि डोंगा म्हणताना आपल्या काठावरचे झाड.