सभागृहाखालची वहिवाट

6 मार्च 2013 रोजी लंडनच्या साउथबँक सेंटरने एक भव्य आराखडा जाहीर केला. टेम्स नदीच्या दक्षिण काठावरची सभागृहं आणि कलादालन यांचा कायापालट करायचा, त्याला ‘फेस्टिव्हल विंग’ म्हणायचं, असा तो बेत होता. खर्चाचा अंदाज 12 कोटी पौंडांचा. त्यातला काही भाग नव्या दुकानांच्या आणि उपाहारगृहांच्या भाड्यातून उभा राहणार होता. ही दुकानं कुठे काढायची, तर क्वीन एलिझाबेथ हॉल या सभागृहाच्या खालच्या मोकळ्या जागेत. तिथे 40 वर्षांपासून पोरं स्केटबोर्ड खेळत होती. त्यांच्यासाठी जवळच, सुमारे 120 मीटरवर, हंगरफर्ड पुलाखाली नवी जागा बांधून देण्याची तयारीही संस्थेने दाखवली होती.

कागदावर पाहिलं तर यात कुणाचंच नुकसान नव्हतं. तरीही पुढची दीड वर्षं या जागेवरून जो संघर्ष झाला, तो सार्वजनिक जागांच्या इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखा आहे. मला त्यात रस वाटला तो एका जुन्या प्रश्नामुळे. जागा नावावर कुणाच्या आहे, हे सातबारा सांगतो. पण जागा कुणाची आहे, हे कोण सांगतं?

आधी ती जागा समजून घेऊ. 1951 साली ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या निमित्ताने या काठावर रॉयल फेस्टिव्हल हॉल उभा राहिला. पुढे लंडनच्या महापालिकेच्या वास्तुविशारदांनी त्याच्या शेजारी काँक्रिटच्या नव्या इमारती बांधल्या. क्वीन एलिझाबेथ हॉल 1967 साली उघडला, हेवर्ड कलादालन 1968 साली. त्या काळच्या कल्पनेप्रमाणे पादचाऱ्यांचे रस्ते वरच्या मजल्यांवरून नेले होते. त्यामुळे सभागृहाच्या पोटाखाली एक प्रशस्त जागा उरली. छत्रीसारख्या माथ्याचे जाड खांब, काँक्रिटचे उतार, काही पायऱ्या, गुळगुळीत फरशी आणि वर छप्पर. या जागेला नेमून दिलेलं काम असं काही नव्हतं.

साधारण त्याच सुमारास अमेरिकेत एक छोटा तांत्रिक बदल झाला. स्केटबोर्ड म्हणजे चार चाकांची फळी. तिची जुनी चाकं कडक असायची, वाटेत खडा आला की अडकायची, वळताना घसरायची. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला पॉलियुरेथेनची चाकं आली. ती जमीन धरून ठेवायची. उतारावरून भिंतीसारखं वर चढून परत वळणं आता शक्य झालं. 1973च्या आसपास लंडनच्या पोरांना सभागृहाखालचे ते उतार सापडले. नकाशात जे उतार कुणीही खेळासाठी काढले नव्हते, ते जणू खेळासाठीच घडवल्यासारखे निघाले. लंडनच्या पावसात डोक्यावर छप्पर होतं आणि प्रवेश फुकट होता. पुढे बीएमएक्सच्या लहान, दणकट सायकली घेऊन येणारे आले, भिंती रंगवणारे आले.

इथे तुलनेसाठी दुसऱ्या एका जागेकडे पाहू. 1970च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये स्केटबोर्डची लाट आली आणि तिच्यामागोमाग तिकीट लावून चालणारी स्केटपार्कं आली. लंडनच्या पूर्व टोकाला हॉर्नचर्चमध्ये 1978 साली सुरू झालेलं ‘द रॉम’ त्यांपैकी एक. कॅलिफोर्नियातल्या रिकाम्या पोहण्याच्या तलावांवर स्केटबोर्ड खेळण्याची रीत पडली होती. त्या तलावांसारखे काँक्रिटचे खोलगट वाडगे रॉममध्ये मुद्दाम घडवले होते. पण लाट ओसरली तसा धंदाही बसला आणि यांतली बहुतेक पार्कं काही वर्षांतच बंद पडली, बुजवली गेली. रॉम टिकलं. 2014 साली सरकारने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. युरोपात हा मान मिळालेलं ते पहिलं स्केटपार्क.

म्हणजे आखणी करून बांधलेल्या जागांपैकी बऱ्याच गेल्या आणि कुणीही न आखलेली सभागृहाखालची जागा चार दशकं चालू राहिली. ती चालवणारी संस्था नव्हती, वेळापत्रक नव्हतं, पहारेकरी नव्हता. नवख्या पोराला जुनं पोर शिकवायचं, एवढीच तिची व्यवस्था.

साउथबँक सेंटरची बाजूही समजून घेतली पाहिजे. खलनायक उभा केला की गोष्ट सोपी होते, पण खोटी होते. ही नफा कमावणारी कंपनी नव्हती. संगीत, चित्रकला, कविता यांना घर देणारी ही संस्था. इमारती जुन्या झालेल्या, सरकारी मदत आटत चाललेली. नव्या आराखड्यात मुलांसाठी आणि तरुणांसाठी कलेच्या जागा होत्या. दुकानांच्या भाड्यातून त्यांचा खर्च निघणार होता. स्केटबोर्डवाल्यांना हाकलून देण्याची भाषाही कुणी केली नव्हती. ‘तुमची सोय बाजूला करतो’, असंच म्हटलं होतं.

पण विस्थापनाची भाषा जगभर अशीच सौम्य असते. पुनर्वसन करू, चांगलं घर देऊ, थोडंच लांब आहे. धरणाखाली गेलेल्या गावांनी आणि गिरणगावातल्या चाळींनी ती ऐकलेली आहे. खेळाच्या जागेची आणि घराची बरोबरी होत नाही, हे मला कबूल आहे. तरी युक्तिवादाची जात एकच. जागा म्हणजे चौरस मीटर, आणि तेवढे चौरस मीटर दुसरीकडे दिले की हिशोब चुकता.

खेळाडूंना याची थोडी चव आधीच मिळाली होती. 2004-05च्या सुमारास त्या जागेचा बराच मोठा भाग फळ्या ठोकून बंद झाला होता आणि तो परत उघडला नव्हता. त्यामुळे 2013मध्ये ते गप्प बसले नाहीत. ‘लाँग लिव्ह साउथबँक’ नावाने मोहीम उभी राहिली.

त्यांनी काय केलं? सभागृहाखालीच एक टेबल मांडलं. नदीकाठाने रोज हजारो माणसं जातात. त्यांना थांबवायचं, गोष्ट सांगायची, नाव लिहून घ्यायचं. असं करत दीड लाखाहून जास्त माणसं सभासद झाली. आराखडा मंजुरीसाठी लँबेथ परगण्याच्या परिषदेकडे गेला, तेव्हा त्याच्यावर 27 हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. ज्या पोरांना उडाणटप्पू समजलं जायचं, त्यांनी हरकतीचा अर्ज कसा भरायचा, मुदत कधी संपते, मुद्दा कसा मांडायचा, हे सगळं शिकून घेतलं. शेजारच्या नॅशनल थिएटरनेही आराखड्याला विरोध केला. त्याचं कारण वेगळं होतं, नव्या इमारतीच्या उंचीचं. पण चळवळीत प्रत्येक सोबत्याचं कारण एकच असावं लागत नाही.

माझ्या दृष्टीने या लढ्यातला सर्वात विलक्षण भाग कायद्याचा आहे. पोरांनी ही काँक्रिटची जागा ‘व्हिलेज ग्रीन’ म्हणून नोंदवावी, असा अर्ज केला. व्हिलेज ग्रीन म्हणजे गावाचं हिरवं मोकळं रान. आपल्या गायरानाचा आणि खेळाच्या मैदानाचा जणू मिलाफ. इंग्लंडच्या 2006च्या सामायिक जमिनींच्या कायद्यानुसार, एखाद्या जागेवर परिसरातली माणसं किमान 20 वर्षं हक्काने खेळत-बागडत आली असतील, तर ती अशी नोंदवता येते. नोंद झाली की तिथे बांधकाम करणं जवळपास अशक्य. ‘हक्काने’ या शब्दाचा अर्थ त्या कायद्याच्या परंपरेत तीन नकारांनी सांगतात: बळजबरी न करता, चोरून-लपून न करता आणि कुणाची परवानगी न घेता.

यातला तिसरा नकार पुन्हा वाचा. परवानगी मागितली असती तर हक्क तयारच झाला नसता. मालकाच्या मेहेरबानीने वापरलेली जागा मेहेरबानी संपली की जाते. उघडपणे, शांतपणे, कुणाची मनधरणी न करता वापरलेली जागा हळूहळू वापरणाऱ्याची होत जाते.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, वहिवाट. मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो. जमिनीच्या जुन्या दस्तांत ‘कब्जेवहिवाट’ असा शब्द येतो, तेव्हा मला नेहमी गंमत वाटते. कब्जा अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने आला आणि मराठी वहिवाटीच्या हातात हात घालून सरकारी कागदावर बसला. दोघांच्या अर्थात मात्र फरक आहे. कब्जा म्हणजे मुठीत धरणं. वहिवाटीत वाट आहे, रोजच्या पावलांनी मळलेली. आपल्या सुखाधिकारांच्या 1882च्या कायद्यातही शांतपणे, उघडपणे, हक्काने आणि अखंड 20 वर्षं केलेल्या वापराला अर्थ आहे. रूढीने मिळणाऱ्या हक्काचं उदाहरण देताना तोच कायदा गावाच्या सामायिक कुरणात गुरं चारणाऱ्या शेतकऱ्यांचा दाखला देतो. लंडनच्या सभागृहाखालची पोरं आणि आपल्या गायरानातले गुराखी एकाच तत्त्वाच्या आधाराने उभे राहू शकतात, हे शाळेत कुणी शिकवत नाही.

दुसरा वाद आखणीचा होता. पुलाखालच्या नव्या जागेसाठी चांगले वास्तुविशारद होते आणि सल्ल्याला प्राध्यापक इयान बॉर्डन होते. स्केटबोर्ड आणि शहर या विषयावर 2001 साली त्यांचा गाजलेला अभ्यासग्रंथ आला होता. शहराच्या पायऱ्या, कठडे, उतार यांचा ठरलेल्या कामापेक्षा वेगळा वापर करणं हा या खेळाचा प्राण आहे, हे त्यांनी तपशिलाने मांडलं होतं. त्यांना नवी जागा ही संधी वाटली. खेळाडूंचं म्हणणं होतं की सापडलेली जागा नक्कल करून बांधता येत नाही. दोन्ही मतं प्रामाणिक होती. फरक एवढाच की एका बाजूला जागेचा आकार दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला तिच्यातली 40 वर्षं.

म्हणून आखणी निरुपयोगी ठरते का? तसंही नाही. 1990 साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाखाली काही खेळाडूंनी परवानगीशिवाय स्वतःच काँक्रिट ओतायला सुरुवात केली. आज ते जगप्रसिद्ध स्केटपार्क आहे आणि शहरानेही त्याला नंतर मान्यता दिली. आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचं गाव आहे. तिथे 2015 साली उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने स्केटपार्क बांधलं गेलं. तिथे आधीपासून खेळणारं कुणीच नव्हतं. पण नियम दोनच ठेवले: शाळेत गेला नाहीस तर स्केटबोर्ड नाही, आणि फळीवर पहिला हक्क मुलींचा. त्याच गावची आशा गोंड 2018 साली चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत खेळून आली. या दोन्ही ठिकाणी जागा खेळणाऱ्यांच्या हातात राहिली. रॉमच्या काळातल्या धंदेवाईक पार्कांचं आयुष्य तिकीटविक्रीवर टांगलेलं होतं, यांचं तसं नव्हतं.

लंडनमध्ये 2014च्या जानेवारीत तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी स्केटबोर्डची जागा आहे तिथेच राहावी, अशी भूमिका जाहीर केली. त्यानंतर आराखडा मागे पडला. 18 सप्टेंबर 2014 रोजी संस्था आणि मोहीम यांच्यात समझोता जाहीर झाला. ही जागा स्केटबोर्ड आणि तिथल्या इतर खेळ-कलांसाठी विनामूल्य खुली ठेवू, असा बांधील करार परिषदेसोबत झाला. त्याच्या बदल्यात दोन्ही बाजूंनी आपापल्या कायदेशीर कारवाया मागे घेतल्या. व्हिलेज ग्रीनचा अर्जही त्यात गेला. मोठा हक्क कायद्याच्या कसोटीला लावण्याऐवजी हातात आलेला करार घेतला. यावर मतभेद होऊ शकतात, पण पोरं त्या जागेवर राहिली.

पुढचं पाऊल मला जास्त महत्त्वाचं वाटतं. विरोध करणारे नंतर बांधायला बसले. पूर्वी बंद केलेल्या भागातला काही हिस्सा परत उघडायचा म्हणून मोहिमेने आणि साउथबँक सेंटरने मिळून पैसा उभा केला. सुमारे 7 लाख 90 हजार पौंडांचं ते काम. त्याचे वास्तुविशारद होते फील्डन क्लेग ब्रॅडली, म्हणजे फेस्टिव्हल विंगचा आराखडा करणारेच. 2019च्या उन्हाळ्यात जुने काँक्रिटचे उतार पुन्हा उजेडात आले, शेजारी मुलांच्या शिक्षणासाठी एक जागाही झाली. कालचे प्रतिवादी एकाच नकाशावर वाकलेले, हे दृश्य आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मीळ आहे.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या शहरांतली मैदानं एका दिवसात जात नाहीत. आधी कोपऱ्यात पाण्याची टाकी येते, मग वाहनतळ, मग कुंपण. आणि कुणी विचारलं की उत्तर मिळतं, इथे मैदान अशी नोंदच नाही. खेळणाऱ्या पोरांकडे अर्ज नसतो, तारीख नसते, फोटो नसतो. लंडनच्या पोरांकडे 40 वर्षांची छायाचित्रं होती, चित्रफिती होत्या, आता पन्नाशीला आलेले जुने खेळाडू साक्षीला होते. त्यांची वहिवाट डोळ्यांना दाखवता येत होती.

आपल्या कितीतरी गावांत ईदगाहच्या मैदानावर वर्षातले दोन दिवस ईदची नमाज होते आणि उरलेले दिवस सगळ्या आळ्यांची पोरं क्रिकेट खेळतात. हिंदू पोरं असतात, मुसलमान पोरं असतात, चेंडू हरवला की सगळे मिळून शोधतात. ही त्या मैदानाची खरी वहिवाट आहे आणि तिची ओळ कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. आम्ही शिक्षक मुलांना ‘माझा परिसर’ हा निबंध दरवर्षी लिहायला लावतो. नदी, बाजार, मंदिर, मशीद एवढं लिहून तो संपतो. यंदा मुलांना मी वेगळं सांगणार आहे: तुम्ही कुठे खेळता, कधीपासून, तुमच्या आधी तिथे कोण खेळायचं, घरातल्या मोठ्यांना विचारा आणि तारीख टाकून लिहा. निबंधाला गुण मिळतीलच. वही मात्र जपून ठेवायची. पुढेमागे तिची गरज पडेल.